दीड दिवसाचं सिंगापूर

सिंगापूरला जाऊन आलेल्या मराठी माणसाचं एक ठरलेलं वाक्य असतं : “छान आहे, स्वच्छ आहे, पण दोन दिवसांत संपतं.” त्यातले अधिक जाणकार म्हणतात, “दोन कशाला, दीड पुरे.” गणपती दीड दिवसाचा असतो हे ठाऊक होतं, शहराचंही दीड दिवसात विसर्जन करता येतं, हे ज्ञान आपल्याला सहलीच्या बाजारानं दिलं. मग त्या वाक्याला शेपूट जोडलं जातं. तिथे बघायला आहे काय? मॉल आहेत, उंच इमारती आहेत, मुलांची करमणूक आहे. इतिहास? छे! पन्नास-साठ वर्षांपूर्वी तिथे दलदल होती, ली क्वान यू आले आणि शहर झालं. खरं जुनं, गजबजलेलं शहर बघायचं तर इस्तंबूलला जा, रोमला जा, परवडत नसेल तर निदान बनारसला जा. सिंगापूर म्हणजे ऑस्ट्रेलियाला जाताना पाय मोकळे करायची जागा.

न गेलेल्यांनी हे म्हटलं असतं तर सोडून दिलं असतं. पण हे म्हणतात ते जाऊन आलेले. पासपोर्टवरचा शिक्का हा त्यांचा पुरावा, आणि मोबाइलमधले चारशे फोटो हे परिशिष्ट. तेव्हा आधी तो पुरावाच तपासू.

काय पाहिलं त्यांनी? पहिल्या दिवशी ‘हाफ डे सिटी टूर’. तिचा मुकुटमणी मर्लायन : सिंहाचं तोंड, माशाचं धड आणि तोंडातून पाण्याची धार. तिथे उभं राहून ओंजळीत ती धार पकडल्याचा फोटो. या मर्लायनचं कुळ काय? तो १९६४ साली फ्रेझर ब्रुनर नावाच्या माणसानं तिथल्या पर्यटन मंडळासाठी काढलेलं बोधचिन्ह आहे. पुतळा १९७२ चा. म्हणजे पर्यटन खात्याच्या शिक्क्यापुढे फोटो काढायचा आणि परत येऊन म्हणायचं की या शहरात सगळं पर्यटकांसाठीच बनवलेलं आहे. त्यानंतर मरीना बे सँड्स, उभं राहिलं २०१० मध्ये. युनिव्हर्सल स्टुडिओज, तेही २०१० चं. गार्डन्स बाय द बे, २०१२. चायनाटाउन? ते दिसलं की, बसच्या खिडकीतून, डाव्या हाताला. मर्लायन सोडला तर या शतकात बांधलेलं तेवढं निवडून निवडून बघायचं आणि मग तक्रार करायची की इथे मागच्या शतकातलं काही नाही! पुण्यात येऊन कुणी फक्त हिंजवडी पाहिली आणि पुण्याला इतिहास नाही असं म्हणाला, तर आपण त्याला कोणत्या शब्दांत निरोप देऊ?

आता ‘इतिहास नाही’ या मुख्य आरोपाकडे वळू. इतिहास मोजायचं माप आपण कुठून आणतो? दुसरा बाजीराव ईस्ट इंडिया कंपनीच्या माल्कमच्या स्वाधीन झाला जून १८१८ मध्ये. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, जानेवारी १८१९ च्या अखेरीस, त्याच कंपनीचा नोकर स्टॅम्फर्ड रॅफल्स सिंगापूर नदीच्या मुखाशी उतरला आणि ६ फेब्रुवारीला सुलतान हुसेन शहा आणि मलय सरदार तेमेंगोंग अब्दुल रहमान यांच्याशी करार करून त्यानं वखारीसाठी जागा पदरात पाडून घेतली. शनिवारवाड्यावर युनियन जॅक चढवणारी कंपनी आणि या बेटावर तो रोवणारी कंपनी एकच. १८६७ पर्यंत तिथला कारभार हिंदुस्थानातूनच, मुख्यतः कलकत्त्याहून, चालत असे. आपल्या इतिहासाचं पुस्तक जिथे पेशवाईपाशी संपल्यासारखं वाटतं, त्याच्या पुढच्याच पानावर हे शहर आहे.

मुंबईचं बघा. मुंबई ऐतिहासिक आहे याबद्दल कुणाला शंका नाही. राजाबाई टॉवर १८७८ चा, व्ही. टी. स्टेशन त्यानंतरच्या दशकातलं, गेटवे ऑफ इंडिया १९२४ चा. आणि सिंगापूर? साउथ ब्रिज रोडवरचं श्री मरिअम्मन मंदिर १८२७ मध्ये स्थापन झालं. ते उभारणारे नारायण पिळ्ळै रॅफल्सबरोबर १८१९ मध्येच पेनांगहून आले होते. तेलोक आयर रस्त्यावरचा नागोर दर्गा १८३० चा. त्याच रस्त्यावरचं तियान हॉक केंग हे चिनी देऊळ १८४२ मध्ये पुरं झालं. राजाबाई टॉवर ऐतिहासिक आणि त्याच्याहून छत्तीस वर्षांनी थोरलं असलेलं देऊळ मात्र ‘चायनाटाउनमधलं काहीतरी’? हा हिशेब कुठल्या शाळेत शिकवतात?

आणि इंग्रज येण्यापूर्वी तिथे फक्त दलदल होती, ही तर इंग्रजांनीच पसरवलेली सोयीची गोष्ट. आपण आता इतक्या वर्षांनी ती त्यांच्या वतीनं सांगत फिरतो. मलय बखरीत सांग नीला उतामा नावाच्या राजपुत्रानं हे नगर वसवल्याची कथा आहे, परंपरा त्यासाठी १२९९ हे साल देते. कथा म्हणून ती बाजूला ठेवा. वांग दायुआन हा चिनी व्यापारी चौदाव्या शतकात या बेटावर येऊन गेला आणि त्यानं इथल्या वस्तीबद्दल लिहून ठेवलं, तेही बाजूला ठेवा. पण फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर १९२८ मध्ये जलाशयासाठी खोदताना मजुरांना सोन्याचे दागिने सापडले, त्यांचं काय करायचं? त्यातल्या दंडातल्या वाकीवर जावानी धाटणीचा ‘काल’ आहे, आपल्या देवळांतून जे कीर्तिमुख दिसतं त्याच्याच कुळातला. १९८४ पासून जॉन मिक्सिक यांनी त्याच टेकडीवर उत्खनन केलं, तर चौदाव्या शतकातली चिनी मातीची भांडी आणि काचेचे मणी निघाले. नदीच्या मुखाशी एक मोठी कोरीव शिळाही होती. १८४३ मध्ये इंग्रज अभियंत्यांनी बांधकामासाठी ती सुरुंग लावून उडवली. तिचा एक तुकडा राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि त्यावरची लिपी आजतागायत कुणाला लागलेली नाही. ज्या शहराच्या संग्रहालयात न वाचलेला शिलालेख आहे, त्या शहराचं आपलं सगळं वाचून झालेलं असतं, दीड दिवसात!

इथे दुसरा आक्षेप पुढे येतो, जरा सुशिक्षित. “असेल इतिहास, पण तो मलय लोकांचा, चिन्यांचा, इंग्रजांचा. आपलं तिथे काय?”

आपलं तिथे काय, हे मी सावकाश सांगणार आहे, कारण माझा खरा राग इथेच आहे.

१८२५ पासून कंपनी सरकारनं हिंदी कैद्यांना काळ्या पाण्याच्या शिक्षेवर सिंगापूरला पाठवायला सुरुवात केली. बंगाल, मद्रास आणि मुंबई, तिन्ही इलाख्यांतून. अंदमान हे नाव आपल्या तोंडात बसलं ते नंतर. त्याआधी काळं पाणी म्हणजे बेंकुलेन, पेनांग, मलाक्का, सिंगापूर. त्या माणसांनी तिथली दलदल बुजवली, रस्ते केले, ब्रास बसा रोडवरचा स्वतःचा तुरुंगही स्वतःच बांधला. आज पर्यटक ज्या शुभ्र सेंट अँड्र्यूज चर्चपुढे “वा, काय युरोपियन वाटतं” म्हणून थबकतात, ते १८५६ ते १८६१ या काळात याच कैद्यांनी उभं केलं. त्याच्या भिंतींवरचा गिलावा मद्रासी चुन्याचा : शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक आणि साखर एकत्र कुटायची, नारळाचं सोडण भिजवलेलं पाणी त्यात घालायचं, आणि सुकल्यावर भिंत घोटून घोटून आरशासारखी करायची. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, इस्ताना, हाही १८६७ ते १८६९ मध्ये बांधला त्यांनीच. त्या कैद्यांवर देखरेख करणारा आणि या प्रासादाचा आराखडा काढणारा मॅकनेर नावाचा अधिकारी होता. त्यानं पुढे एक जाडजूड पुस्तक लिहिलं, त्यात हे कैदीच एकमेकांचे पहारेकरी कसे झाले याची हकिगत आहे. वाक्य बदलून बघा : युरोपियन वाटणारी ती भिंत घोटणाऱ्यांत आपल्या इलाख्यातला कुणी असू शकतो. थबकण्यासारखं आहे की नाही?

पुढे या. १५ फेब्रुवारी १९१५. पाचव्या लाइट इन्फन्ट्रीतल्या हिंदी शिपायांनी सिंगापुरात बंड केलं. गदर पक्षाचा प्रचार होता, आपल्याला तुर्कांविरुद्ध लढायला पाठवणार अशी आवई होती. बंड मोडल्यावर ४७ जणांना ओट्रम तुरुंगाच्या भिंतीशी उभं करून, लोकांना बघायला बोलावून, गोळ्या घातल्या. १८५७ वर आपण इतकं बोलतो; १९१५ च्या या बंडाचं नाव सिंगापूरहून परतलेल्या किती जणांच्या तोंडून ऐकलंत? ओट्रम पार्क हे मेट्रोचं स्टेशन आहे. चायनाटाउनच्या शेजारचं.

आणि बरोबर सत्तावीस वर्षांनी, तारीख तीच, १५ फेब्रुवारी १९४२. बुकित तिमाहच्या फोर्ड कारखान्यात ब्रिटिश सेनापती पर्सिव्हलनं जपानी सेनापती यामाशितापुढे शरणागतीवर सही केली. दोन दिवसांनी, १७ तारखेला, चाळीस हजारांहून अधिक हिंदी युद्धकैद्यांना फॅरर पार्कच्या मैदानात जमवून जपान्यांच्या हवाली केलं गेलं आणि कॅप्टन मोहन सिंग त्यांच्यापुढे उभे राहिले. आझाद हिंद फौजेची सुरुवात या मैदानापासून मोजतात. आता हे मैदान कुठे आहे? मराठी पर्यटक सिंगापुरात कुठे गेला नाही तरी चालेल, पण मुस्तफा सेंटरला गेला नाही असं होत नाही. चॉकलेट, अत्तर, टायगर बाम, सोन्याची चेन, सगळी खरेदी तिथे. त्या मुस्तफाला जायचं मेट्रो स्टेशन कुठलं? फॅरर पार्क. स्टेशनच्या नावाची पाटी वाचून आपण जिना चढतो, टायगर बामचे डझनभर डबे घेतो आणि परत त्याच पाटीखालून उतरतो. मग विमानात बसून शेजाऱ्याला सांगतो की इथे आपलं असं काही नाही.

मर्लायनचंही तेच. ओंजळीत पाण्याची धार पकडून झाली की नदीवरचा पूल ओलांडून दहा-एक मिनिटं चाललात तर एस्प्लनेड पार्क लागतं. तिथे नेताजींनी ८ जुलै १९४५ रोजी आझाद हिंद फौजेच्या हुतात्म्यांच्या स्मारकाची कोनशिला बसवली. इंग्रज परतले आणि माउंटबॅटनच्या हुकमावरून ते स्मारक त्यांनी पाडून टाकलं. सिंगापूर सरकारनं १९९५ मध्ये त्या जागी खूण उभारली. समोरचं हिरवं मैदान म्हणजे पाडांग. ५ जुलै १९४३ ला नेताजींनी ‘चलो दिल्ली’ म्हटलं ते इथे. २१ ऑक्टोबरला आझाद हिंद सरकारची घोषणा झाली ती कॅथे इमारतीत. तिचा दर्शनी भाग राखून ठेवला आहे, आणि स्टेशनचं नाव आहे धोबीघाट. त्याच्या दुसऱ्या दिवशी वॉटर्लू रस्त्यावर झाशीच्या राणीच्या नावानं उभारलेल्या पलटणीची छावणी सुरू झाली. कॅप्टन लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या हाताखाली तिथे बंदुका धरायला शिकलेल्या मुलींपैकी कितीतरी जणी मलायातल्या रबराच्या मळ्यांत वाढलेल्या, हिंदुस्थान डोळ्यांनीही न पाहिलेल्या. तांब्यांच्या घरातली मनू, नेवाळकरांची सून, तिच्या नावाची पलटण या शहरातल्या एका रस्त्यावर कवायत करत होती, आणि आम्ही विचारतो, आपलं तिथे काय!

वॉटर्लू रस्त्यावर थोडं थांबलंच पाहिजे. लांबीला हा रस्ता काहीच नाही. पण त्यावर १८७० पासूनचं श्रीकृष्णाचं मंदिर आहे. वडाच्या झाडाखाली मूर्ती ठेवून त्याची सुरुवात झाली. त्याला जवळजवळ खेटून क्वान यिन देवीचं चिनी देऊळ. तिथे दर्शन घेऊन निघालेली चिनी माणसं सहज शेजारच्या कृष्णापुढे येतात, उदबत्त्या लावतात, हात जोडतात. कुणी त्यांना विचारत नाही आणि कुणी परिसंवादही भरवत नाही. त्याच रस्त्यावर १८७८ चं ज्यूंचं सिनेगॉग आहे, आणि हे बगदादी ज्यू म्हणजे मुंबई-पुण्यातल्या ससूनांच्या समाजातले. एवढं सगळं एका रस्त्यावर, तिकीट शून्य. रोममध्ये असतं तर आपण वर्षभर आधी बुकिंग केलं असतं.

“पण ते सगळं सजवून ठेवलेलं आहे हो, सेटसारखं.” हा तिसरा आक्षेप. कलेची जाण असलेल्यांचा. जुन्या दुकानघरांना गुलाबी-पोपटी रंग दिलाय, खाली बार काढलेत, सगळं कृत्रिम वाटतं म्हणे.

एवढं कबूल करतो की नदीकाठच्या क्लार्क कीच्या रंगांपुढे माझेही डोळे दिपतात, आणि त्यात कौतुकाचा भाग थोडा आहे. तिथल्या सरकारनं पाडलंही पुष्कळ आहे : स्टॅम्फर्ड रोडवरचं लाल विटांचं वाचनालय बोगद्यासाठी गेलं, बुकित ब्राउनच्या जुन्या चिनी दफनभूमीतून हमरस्ता काढण्यासाठी हजारो थडगी उकरली, आणि त्यावर तिथले लोक आजही हळहळतात. पण म्हणून जे राहिलं ते खोटं? १९८९ मध्ये त्यांनी चायनाटाउन, लिटल इंडिया, कांपोंग ग्लाम हे भाग अखंड राखायचे असं जाहीर केलं. आज सात हजारांवर इमारतींना असं संरक्षण आहे. बृहन्मुंबईहून जेमतेम थोडा मोठा देश, जमीन पुरत नाही म्हणून समुद्रात भर घालत चाललेला. त्यांनी हे केलं. आपल्याकडे जमिनीची टंचाई एवढी नाही. आपण पेठांतल्या वाड्यांचं काय केलं? खालची तुळई कुजू दिली, पागड्यांवरून भावाभावांत दावे लावले, पावसाळ्यात भिंत पडेपर्यंत वाट पाहिली आणि मग त्या जागी सहा मजली ‘अमुक हेरिटेज’ बांधलं. नाव तेवढं जतन केलं! आणि आपण त्यांना सांगणार की तुमची घरं जरा जास्तच नीट रंगवलेली आहेत?

शिवाय सेट म्हटला की मागे फळ्या आणि खिळे असतात. इथे मागे काय आहे ते बघायला गेलंय कोण? अरब स्ट्रीटजवळच्या सुलतान मशिदीचा सोनेरी घुमट सगळे लांबून टिपतात. जवळ जाऊन वर पाहिलं तर घुमटाच्या बुडाशी एक काळी पट्टी दिसते. ती काचेच्या बाटल्यांच्या बुडांची आहे. १९२४ ते १९३२ मध्ये मशीद बांधत असताना ज्या गरिबांना वर्गणी परवडत नव्हती त्यांनी बाटल्या दिल्या, आणि त्या घुमटात बसवल्या गेल्या. किंवा तेलोक आयर रस्ता. आज दोन्ही बाजूंना काचेचे मनोरे आहेत, पण तियान हॉक केंग बांधलं तेव्हा त्याच्या पायरीपुढे समुद्र होता. चीनहून आलेला खलाशी आणि मजूर होडीतून उतरायचा तो थेट माझू या समुद्रदेवतेपुढे, जिवंत पोचलो म्हणून. थोड्या अंतरावर तमिळ चुलिया मुसलमानांचा नागोर दर्गा, तोही त्याच किनाऱ्यावर, त्याच कारणासाठी. समुद्र नंतर भरावानं दूर ढकलला. बॅकबेची भरणी पाहिलेल्या मुंबईकराला हे समजावून सांगावं लागू नये. पण त्याला ते कळण्यासाठी बसमधून उतरावं लागेल.

चौथा आक्षेप गजबजाटाचा. “शिस्त फार. शहराला जीव नाही. रस्त्यावर माणूस दिसत नाही.” ऑर्चर्ड रोडच्या मॉलमध्ये दुपारी दोनला जीव कुठला दिसणार? सकाळी सातला टेक्का मार्केटला जा. एका बाजूला मासे, एका बाजूला मटण, कढीपत्त्याचे ढीग, केळफूल, शेवग्याच्या शेंगा. तमिळ, मलय, चिनी, बंगाली, सगळ्या भाषांत घासाघीस. या भागात हिंदी वस्ती झाली ती कुणी नकाशावर रंग भरून नव्हे. रॅफल्सच्या १८२२ च्या आराखड्यात हिंदी लोकांना जागा दिली होती नदीकाठी. इथे ते आले गुरांच्या मागोमाग. पाणी होतं, चारा होता, गोठे झाले. आजही तिथे बफेलो रोड आहे आणि मलय भाषेतल्या रेड्याच्या नावाचा करबाव रोडही आहे. रविवारी संध्याकाळी या सगळ्या भागात बांधकामावरच्या मजुरांची गर्दी उसळते. तमिळनाडूतले, आंध्रातले, बांगलादेशातले. आठवड्यातली एक सुट्टी, पैसे घरी पाठवायचे, गाववाले भेटायचे, पदपथावर बसून बोलायचं. चकचकीत शहर कोण बांधतं हे बघायचं असेल तर ती वेळ आणि ती जागा. दीड दिवसवाल्यांची बस तेव्हा सेंटोसा या करमणुकीच्या बेटावर असते.

आता उरले ते घरगुती आक्षेप, ते भराभर निकालात काढू. आईबाबांना चालवत नाही? युनिव्हर्सलच्या रांगेत तासन्‌तास उभं राहवतं आणि पाच फुटी ओवरीतून अर्धा तास चालवत नाही, हे गुडघ्यांचं अजब शास्त्र आहे. त्या ओवऱ्या, म्हणजे दुकानांपुढची सलग छपराची वाट, १८२२ पासून तिथे सक्तीच्या आहेत. ऊन-पावसाला उत्तर म्हणूनच. मुलांना कंटाळा येतो? ज्या मुलांना आपण कधी काही सांगितलंच नाही त्यांना येणारच. सेंटोसाच सोडवत नसेल तर त्याच बेटाच्या टोकावर फोर्ट सिलोसो आहे, इंग्रजांच्या तोफांसकट. तिथे मुलं तोफेवरून हलत नाहीत. शाकाहारी जेवण? सेरंगून रोडवरचं कोमला विलास १९४७ पासून डोसे घालतंय, आणि चिनी बौद्धांचं शाकाहारी जेवण हे तर आपल्या उपासाच्या फराळाहून कडक, कांदा-लसूणही नाही. तिथल्या हॉकर सेंटरांची, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या ठेल्यांची, परंपरा युनेस्कोनं २०२० मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आपण मात्र खोलीत दार लावून ठेपले आणि मेतकूट-भात. खा, जरूर खा, पण मग शहराला चव नाही असं म्हणू नका. महाग आहे? देवळं, मशिदी, चर्च, पाडांग, फोर्ट कॅनिंगची टेकडी, सगळं फुकट. महाग आहे तो सेंटोसा.

राहता राहिला तो सगळ्यात व्यवहारी आक्षेप : दिवसच कमी असतात, मग सगळं कसं बसवायचं? सगळं बसवायचंच कशाला? चार दिवस असतील तर सेंटोसा, नाइट सफारी, पक्षी, डायनासोर यांपैकी एकच काही मुलांच्या नावे ठेवा आणि उरलेले तीन पायी काढा. उन्हाचं गणित सोपं आहे. दक्षिणी देवळं दुपारी बंद असतात, म्हणून सकाळ देवळांची आणि बाजाराची. बारा ते चार अंगाची काहिली होते, तेव्हा वातानुकूलित संग्रहालयं : राष्ट्रीय संग्रहालय, नदीकाठचं आशियाई संस्कृती संग्रहालय, कॅम्बेल लेनवरचं भारतीय वारसा केंद्र. चारनंतर पुन्हा रस्ता. एक दिवस लिटल इंडिया, फॅरर पार्क आणि कांपोंग ग्लाम. एक दिवस तेलोक आयर, मरिअम्मन, चायनाटाउन; संध्याकाळी लाओ पा सातच्या लोखंडी कमानींखाली जेवण, त्या कमानी ग्लासगोहून आलेल्या, १८९४ च्या. एक दिवस फोर्ट कॅनिंग, धोबीघाट, वॉटर्लू रस्ता, सेंट अँड्र्यूज, पाडांग. लिटल इंडियाहून चायनाटाउन मेट्रोनं तीन स्टेशनं. यात न जमण्यासारखं काय आहे? टूर मॅनेजरची शिट्टी नसेल, इतकंच.

२०११ मध्ये तिसरं विश्व मराठी साहित्य संमेलन याच शहरात भरलं होतं, महेश एलकुंचवार अध्यक्ष होते. विमानं भरभरून माणसं गेली. मराठी माणसाला सिंगापूर लांब नाही, परकं नाही, न परवडणारंही राहिलेलं नाही. मग ते उथळ का वाटतं? तर आपण घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहून खोली मोजली म्हणून. तेव्हा यापुढे कुणी मला “सिंगापूर दीड दिवसात झालं” असं सांगितलं, तर मी फक्त चार प्रश्न विचारणार आहे. फॅरर पार्कला उतरलात, तर मैदान पाहिलंत का? मर्लायनपाशी गेलात, तर पूल ओलांडलात का? चर्चच्या भिंतीला हात लावून पाहिलात का? वॉटर्लू रस्ता कुठे आहे ते ठाऊक आहे का? चारही उत्तरं ‘नाही’ आली, तर त्या माणसाचं सिंगापूर झालेलं नाही, त्याची फक्त खरेदी झालेली आहे. आणि त्यानं पुढच्या प्रवाशाला सल्ला देण्याआधी पुन्हा तिकीट काढावं.